एजन्सीच्या टेबलामागून : बेळगाव भागात पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी

सोमवारी सकाळी खानापूरकडची गाडी सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या बसस्थानकाला, लागली की अर्ध्या तासात आमच्या ऑफिसच्या जिन्यात चपलांचा आवाज सुरू व्हायचा. हातात प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये मार्क्सकार्डाच्या झेरॉक्स आणि सोबत बऱ्याचदा एखादा मामा नाहीतर चुलता. एकदा असाच एक आयटीआय फिटर झालेला पोरगा खुर्चीत बसायच्या आधीच पाचशेची नोट टेबलावर ठेवून मोकळा झाला. "फी घ्या की सर, खरं काम चांगलं बघा." (आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी.) मी नोट परत सरकवली तसा त्याचा चेहरा पडला. पैसे घेत नाही म्हणजे हा माणूस आपलं काम करणार नाही, असं त्याला वाटलं.

त्याचं अर्धं बरोबर होतं. मी त्याचं काम करतच नव्हतो. मी कंपनीचं काम करत होतो.

उद्यमबाग, मच्छे, होनगा, कधी कागल आणि शिरोली, कधी गोव्यात वेर्णा, अशा कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीत मी नऊ वर्षं काढली. तिथे रोज जे समजावून सांगायचो, ते इथे क्रमाने लिहितो.

पैसा कुठून येतो ते आधी बघा

एजन्सी तीन तऱ्हेच्या असतात, आणि पाटीवर तिघींच्याही 'प्लेसमेंट'च लिहिलेलं असतं.

पहिली कन्सल्टन्सी. कंपनी तिला सांगते, दोन सीएनसी सेटर (संगणकावर चालणारं यंत्र कामाला लावून देणारे) आणि एक अकाउंटंट हवा. एजन्सी माणसं शोधते, कंपनी इंटरव्ह्यू घेते, माणूस कंपनीच्या स्वतःच्या पे-रोलवर, म्हणजे पगारपत्रकावर, लागतो. तो रुजू झाल्यावर एजन्सी कंपनीला बिल लावते. रूढ दर वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. हा पैसा कंपनी देते, तुमच्या पगारातून कापून नव्हे. करारात बहुतेक वेळा एक अट असते : माणूस ६० किंवा ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर एजन्सीने दुसरा फुकट द्यायचा. रुजू होईपर्यंत दिवसाला चार फोन करणारी एजन्सीतली मॅडम चौथ्या महिन्यात फोन का उचलत नाही, याचं उत्तर या अटीत आहे. राग मानू नका. तिचं बिल पास झालेलं असतं.

दुसरी स्टाफिंग कंपनी किंवा लेबर कॉन्ट्रॅक्टर. इथे तुम्ही काम करता कारखान्यात, पण हजेरीपत्रकावर माणूस एजन्सीचा. कंपनी दर महिन्याला तुमचा पगार आणि वर माणशी ठरलेलं सेवाशुल्क एजन्सीला देते, एजन्सी तुम्हाला पगार करते. टीमलीज, क्वेस यांच्यासारख्या मोठ्या कंपन्या हेच करतात आणि उद्यमबागेतला दोन खोल्यांचा कॉन्ट्रॅक्टरही हेच करतो. फरक असतो तो हिशेबाच्या कागदांत. या एजन्सीला तुम्ही टिकलेले हवे असता, कारण तुम्ही जितके महिने टिकाल तितके महिने तिचं सेवाशुल्क चालू.

तिसरीला कंपनी काहीच देत नाही. तिचं गिऱ्हाईक तुम्ही. नोंदणी फी, फाईल चार्ज, ट्रेनिंग, युनिफॉर्म, मेडिकल अशा नावांनी ती तुमच्याकडूनच कमावते. तुम्ही कामाला लागला काय, न लागला काय, तिला फरक पडत नाही. देशातल्या देशातल्या नोकरीसाठी कुणी पैसे मागितले की उठून यायचं. "नंतर पगारातून कापून घेऊ" म्हटलं तरी.

म्हणून पहिल्या भेटीत एकच साधा प्रश्न विचारा : "मी कुणाच्या पे-रोलवर असणार?" सरळ उत्तर आलं तर बसा.

फाईल तयार करताना

सीमाभागातल्या पोरांचं घोडं इथेच अडतं, आणि चूक त्यांची नसते.

मार्क्सकार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब. कन्नडमधून इंग्रजीत उतरवताना कुणीतरी 'व'चा 'ब' केलेला. गावच्या शाळेत दाखल करताना गुरुजींनी घातलेली जन्मतारीख वेगळी. गावात याने काही बिघडत नाही, पण पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) आधारशी जोडताना नाव आणि तारीख जुळली नाही तर खातं अडकतं. पहिला पगार व्हायच्या आत हे निस्तरा. मार्क्सकार्ड हा पाया धरा आणि आधार, पॅन, बँक तिन्ही त्याच्याप्रमाणे करून घ्या. मार्क्सकार्ड बदलायला बोर्डाच्या खेपा घालाव्या लागतात, आधार त्या मानाने लवकर होतं.

कोल्हापूर किंवा पुण्याकडच्या एचआरला एसएसएलसी आणि पीयूसी म्हणजे काय हे कधीकधी कळत नाही. बायोडेटात 'एसएसएलसी (दहावी)', 'पीयूसी दुसरं वर्ष (बारावी)' असं लिहा. हे हसण्यावारी नेऊ नका. एका मुलीचा अर्ज कागलच्या कंपनीने 'बारावी नाही' म्हणून बाजूला ठेवला होता, पीयूसीला तिला ८१ टक्के होते.

मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवायचे नाहीत. दाखवा, जुळवून घ्या म्हणा, परत फाईलमध्ये. ओरिजिनल मार्क्सकार्ड 'जमा' करून घेणारी एजन्सी तुम्हाला बांधून ठेवायला बघते. कोरा चेक आणि कोऱ्या कागदावर सहीचंही तेच.

बायोडेटात हातचं काम लिहा

सायबर कॅफेतला जो ठरावीक बायोडेटा असतो, 'ध्येय : नामांकित संस्थेत काम करून स्वतःचा विकास साधणे', तो आम्ही वाचत नसू. एका जागेसाठी साठ-सत्तर कागद येतात. एका कागदाला अर्धा मिनिट मिळतो, आणि त्यात डोळा शोधतो ती यंत्राची आणि कामाची नावं.

'सीएनसी ऑपरेटर, १ वर्ष अनुभव' याने काही कळत नाही. 'फॅनक कंट्रोलवर टर्निंग, ऑफसेट स्वतः देतो, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वापरतो, ड्रॉइंग वाचता येतं, प्रोग्रॅम लिहिता येत नाही' यातून सगळं कळतं. शेवटचं वाक्य आवर्जून लिहा. बेळगाव हे फाउंड्री, हायड्रॉलिक्स आणि मशिनिंगचं गाव. हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग बनतात. इथला सुपरवायझर दोन मिनिटांत खरंखोटं काढतो. येत नाही ते आधीच सांगितलेल्या पोराला तो शिकवायला तयार होतो, थाप मारणाऱ्याला गेटवरून परत पाठवतो आणि आम्हाला फोन करून चार शब्द ऐकवतो.

बी.कॉम. झालेल्यांनी टॅली कुठवर येतं ते लिहावं : नुसती एंट्री, की जीएसटीचं रिटर्नही. सेल्सला जाणाऱ्यांनी दुचाकी आणि लायसन्स आहे का ते.

भाषांची ओळ कधी गाळू नका. मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी अशा चार भाषा बोलणारा पोरगा निपाणी-चिकोडीकडे घराघरात मिळतो, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. हुबळी-धारवाड ते सांगली एवढा पट्टा एका सेल्समनने सांभाळावा असं वाटणाऱ्या कंपनीला याच ओळीचे जास्त पैसे द्यावे लागतात. कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, असं असेल तर तेही लिहा. सीमाप्रश्नावर तुमचं जे मत असेल ते असू द्या, मच्छेतल्या वर्कशॉपात "कन्नड बरतदा?" (कन्नड येतं का?) असं विचारलं की मान हलवता यायला हवी. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांना व्यवस्थापकीय पदांत ५० आणि इतर पदांत ७० टक्के जागा राखणारं विधेयक मंजूर केलं होतं आणि ओरड झाल्यावर ते बाजूला ठेवलं. त्यात 'स्थानिक' ठरायला दहावीला कन्नड विषय किंवा कन्नडची परीक्षा लागणार होती. तो विषय पुन्हा निघाला तर मार्क्सकार्डावरची कन्नडची ओळ कामाला येईल.

एकाच कंपनीला दोन एजन्सींतून जाऊ नका

पाच एजन्सींत नाव द्या, हरकत नाही. पण तुमचा बायोडेटा कुठल्या कंपनीला जातोय हे प्रत्येकीला विचारून वहीत लिहून ठेवा : तारीख, एजन्सी, कंपनी, जागा. कारण एकच माणूस दोघींकडून आला की फी कुणाची यावर भांडण लागतं, आणि एचआर बहुधा त्या भांडणात न पडता दोन्ही कागद बाजूला ठेवतो. तुम्हाला कुणी कळवतसुद्धा नाही. एजन्सी नाव सांगायला का-कू करेल, तुम्ही थेट कंपनीत जाल अशी तिला भीती असते. "तिथं आधी दुसऱ्यांनी पाठवलं नाही ना, एवढंच बघायचंय" म्हणा, सांगतात.

सध्याचा पगार फुगवून सांगू नका, सॅलरी स्लिप मागतातच. आणि इंटरव्ह्यूला जायचं नसेल तर आदल्या दिवशी कळवा. आमच्याकडे न कळवता दांडी मारणाऱ्यांच्या नावापुढे लाल खूण असायची, ती खूण पुसलेली मी कधी पाहिली नाही.

अठरा हजार म्हणजे किती

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून आकड्यांनी सांगतो. जाहिरातीत 'पगार १८,०००' असतं. घरी आईला तोच आकडा सांगितला जातो. पहिल्या महिन्यात खात्यावर तेरा हजार सातशे जमा होतात आणि पोरगा माझ्या टेबलाशी येऊन म्हणतो, "कॉन्ट्रॅक्टरनं खाल्ले."

नेहमी खाल्लेले नसतात. उदाहरण घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,०००, इतर भत्ते १,५००, एकूण १५,५००. त्यातून पीएफ १४,००० च्या १२ टक्के म्हणजे १,६८०. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आजारपणाचा विमा, १५,५०० च्या पाऊण टक्का म्हणजे ११७. हातात १३,७०३. मग अठरा कुठून आले? मालकाने भरायचा पीएफ आणि त्यावरचा खर्च १३ टक्के, म्हणजे १,८२०. मालकाचा ईएसआय सव्वातीन टक्के, ५०४. ते मिळवले की १७,८२४. जाहिरातीत झाले अठरा हजार. याला सीटीसी म्हणतात. विचारायचा तो 'इन हँड'. आणि कँटीन, बस, खोली यांचे किती कापणार ते वेगळं विचारायचं. गोव्याला जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता हीच नोकरी निपाणीच्या पोराने कोगनोळी नाका ओलांडून कागलला धरली तर? आकडे तेच, पण महाराष्ट्रात दहा हजारांवरच्या पगाराला महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर लागतो, फेब्रुवारीत ३००. कर्नाटकात २५ हजारांखाली तो लागतच नाही. महाराष्ट्रातही बायकांना २५ हजारांपर्यंत माफ आहे. किमान वेतनही दोन्ही राज्यांचं वेगळं. म्हणजे भाऊ मच्छेत आणि बहीण कागलला असेल तर दोघांच्या स्लिपा शेजारी ठेवून भांडू नका.

पीएफ आणि ईएसआय कापतात म्हणून नाराज होणारे खूप भेटले. काही जण "नको कापू, रोख द्या" म्हणायचे, आणि तसल्या कॉन्ट्रॅक्टरला तेच हवं असतं. फाउंड्रीत काम करणाऱ्याने ईएसआय सोडणं म्हणजे वेडेपणा. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला आणि त्याच्या घरच्यांना दवाखाना मिळतो, आणि ठरलेले दिवस वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता. काम कागलला आणि घर निपाणीला असेल तर नोंदणी करताना घराजवळचा दवाखाना मागून घ्या.

नेमणूकपत्र हातात घेतल्याशिवाय आधीची नोकरी सोडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, आणि त्यांत नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, कंत्राटी माणसालासुद्धा. पत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि नीट समजत नसेल तर "घरी दाखवून उद्या सही करतो" म्हणा. बाँड (अमुक महिने सोडणार नाही, सोडलं तर पैसे भरीन असा करार) असेल तर किती महिने, किती रक्कम आणि कशाच्या बदल्यात, या तीन गोष्टी बघा. ट्रेनिंग काहीच न देता पन्नास हजारांचा बाँड मागणाऱ्याकडे जायचं कशाला?

रुजू झाल्यावर

पहिल्या महिन्यात यूएएन नंबर मागा. दुसऱ्या महिन्यात उमंग ॲपवर पासबुक उघडून पैसे जमा झाले का ते स्वतः बघा. स्लिपवर कापलेलं आणि खात्यावर न भरलेलं, हा प्रकार लहान कॉन्ट्रॅक्टरांकडे घडतो, आणि तो तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

हजेरी आणि ओव्हरटाइम रोज स्वतःच्या वहीत लिहा. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. कॉन्ट्रॅक्टरने पगार थकवला तर ती जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते, म्हणून आधी कंपनीच्या एचआरला लेखी द्या, मग कामगार खात्याकडे जा. कारखाना ज्या राज्यात, तिथल्या कामगार खात्यात तक्रार चालते. कागलचा पगार बेळगावात मागता येत नाही. यात लोकांच्या खेपा फुकट गेलेल्या मी पाहिल्यात.

या तीन जाहिरातींना भुलू नका

'सांबरा विमानतळावर ग्राउंड स्टाफ, दहावी पास, २८ हजार.' व्हॉट्सॲपवर विमान कंपनीचा लोगो, खाली मोबाईल नंबर, आणि मग युनिफॉर्मसाठी दीड-दोन हजार. मग गेटपासचे तीन. पैसे गेले असतील तर लाज न धरता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवायची शक्यता जास्त.

'मराठा सेंटरमध्ये आपली ओळख आहे.' बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने हे वाक्य इथे चांगलंच खपतं. सैन्यभरतीला एजन्सी नसते. अग्निवीरसाठी आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. रेल्वेचंही तसंच, भरती मंडळाशिवाय दार नाही. ओळखीचे म्हणून शेत गहाण टाकून पैसे देणारे बाप मी पाहिलेत. त्यांना कसं समजवायचं ते मला आजवर जमलेलं नाही.

तिसरी परदेशाची. इथे मात्र नियम वेगळा आहे : एजन्सी पैसे घेऊ शकते, पण तिला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि फीला मर्यादा आहे, ३० हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. रोख न देता बँकेतून, पावती घेऊन. नोंदणी खरी का ते ई-मायग्रेट पोर्टलवर नाव घालून बघता येतं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'जाण्याआधी मंजुरी लागते' अशी नोंद, असतं. आखातातले सहाही देश धरून १८ देशांत कामाला जायला त्यांना आधी मंजुरी घ्यावी लागते. "व्हिजिट व्हिसावर चला, तिथं बदलू" म्हणणारा याच तपासणीतून पळवाट काढत असतो. मंजुरीसोबत दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा येतो, दोन वर्षांना २७५ रुपयांत. पळवाटेने गेलेल्याला तो नाही. थायलंड-कंबोडियात 'डेटा एंट्री, मोठा पगार' असं आलं तर वाचून पुसून टाका, तिथे पोरांना डांबून सायबर फसवणुकीची कामं करायला लावतात. आणि गोव्याच्या ओळखीने जहाजावर जाणाऱ्यांनी आरपीएसएल लायसन्स (जहाजावर माणसं भरती करायचा सरकारी परवाना) विचारावं. जहाजाच्या नोकरीसाठी खलाशाकडून भरतीचे पैसे घ्यायला मनाई आहे.

एजन्सीशिवायही

सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, नोंदणी फुकट. आयटीआय-डिप्लोमावाल्यांनी अप्रेंटिसशिप आधी बघावी. स्टायपेंड कमी असतो, पण वर्षभरात मशीन हातात बसतं, आणि मग माझ्यासारख्याच्या टेबलाशी तुम्ही आलात तर पगाराचा आकडा तुम्ही बोलायचा. उद्यमबागेत अजून एक जुनी रीत चालते : सकाळी आठच्या सुमारास गेटवर जाऊन वॉचमनमामांना विचारायचं. कुठल्या युनिटला ऑर्डर वाढल्यात हे त्यांना आमच्या आधी कळतं.

सोडताना

नोटीस लेखी द्या, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन स्लिपा घेऊनच बाहेर पडा. पीएफ खात्यावर 'डेट ऑफ एक्झिट' भरली गेली का ते दोन महिन्यांनी बघा. ती नसेल तर पुढच्या ठिकाणी पीएफ वळवताना अडकतं, आणि तोवर जुन्या कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस अनगोळहून आणखी कुठेतरी गेलेलं असतं. नवीन ठिकाणी नवा यूएएन काढू देऊ नका, जुनाच द्या.

तो पाचशेची नोट ठेवणारा पोरगा होनग्याला लागला. दीड वर्षाने आला तेव्हा बरोबर धाकट्या चुलतभावाला घेऊन आला होता, आणि जिन्यातच त्याला दबक्या आवाजात सांगत होता, "पैसे काढू नको बा. आधी पे-रोल कुणाचा ते विचार."